ग्रीसच्या डब्यातला उजेड

बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या मामांचं मशीन शॉप आहे. मोठं काही नाही, दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल आणि कोपऱ्यात एक डबा ज्यात काळीकुळकुळीत ग्रीस असते, बोट लागलं की दोन दिवस नखातनं जात नाही. तिथं सगळे तिला मोली ग्रीस म्हणतात. मागच्या दिवाळीत गेले होते तेव्हा मामांनी विचारलं, काय गं, एमएस्सी एमएस्सी म्हणून दोन वर्षं बेंगळूरला राहिलीस, नेमकं काय शिकायलीस ते तरी सांग, आणि मला पटकन काही सुचेना म्हणून मी त्या डब्याकडं बोट केलं. म्हटलं मामा हेच, ह्यातलाच माल. मामा म्हणाले, "मग इथंच यायचं नव्हतं व्हय, फुकट शिकवलं असतं की."

चहा संपेपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, मध्येच गिऱ्हाईक आलं आणि राहिलं ते राहिलंच. म्हणून आता नीट लिहितेय. मामांसाठीच लिहितेय असं समजा, म्हणजे फॉर्म्युले नाहीत, एकच आहे तो पण साध्या भागाकाराचा.

तर ग्रीसमधली ती काळी पूड म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाईड, मॉलिब्डेनम नावाचा धातू आणि गंधक. खाणीत सापडतं, दिसायला पेन्सिलच्या शिशासारखं चकचकीत करडं. ते निसरडं का ह्याचं उत्तर आणि जगभरच्या लॅब त्याच्या मागं का लागल्या ह्याचं उत्तर एकच आहे, त्याचे थर. आपल्याकडचा मांडा आठवा, लग्नात येतो तो, कागदासारखा पातळ, साखर पेरून घडी घातलेला. प्रत्येक पापुद्रा आपापल्या जागी अख्खा असतो पण एकाला दुसरा नीट चिकटलेला नसतो, जरा बोट लावलं की सुटतो. ह्या दगडाचं तसंच. एका थराच्या आत अणू एकमेकांना घट्ट धरून बसलेत, पण ह्या थराची वरच्या थराशी ओळख अगदी जेमतेम. म्हणून थर थरावरनं घसरतो आणि लेथचं बेअरिंग गार राहतं. आणि म्हणूनच तो थर सुटा पण करता येतो.

सुटा करायची पद्धत ऐकून मामांचा विश्वास बसला नाही. सेलोटेप. खरंच. दगडाचा तुकडा टेपला लावायचा, टेप दुमडायची, उघडायची, परत दुमडायची, परत उघडायची, दर वेळी तुकडा पातळ होत जातो, शेवटी ती टेप सिलिकॉनच्या चकतीवर दाबून काढायची आणि मायक्रोस्कोपखाली शोधत बसायचं. मँचेस्टरच्या आंद्रे गाइम आणि कोन्स्तान्तिन नोव्होसेलोव्ह ह्यांनी २००४ साली पेन्सिलच्या शिशातनं एक अणू जाडीचा थर, म्हणजे ग्राफीन, असाच काढून दाखवला आणि २०१० चं नोबेल घेऊन गेले. टेपनं थर सोलणं तसं जुनं, ह्याच मॉलिब्डेनमवाल्या दगडाचे पातळ पापुद्रे १९६० च्या दशकातच काढलेले होते, पण तेव्हा कोणाला त्याचं फार पडलेलं नव्हतं.

ह्या एका थराची जाडी ०.६५ नॅनोमीटर. केसाच्या जाडीत असे लाखभर थर बसतील. आणि त्या एका थरात पण तीन मजले आहेत, खाली गंधक, मध्ये मॉलिब्डेनम, वर गंधक. हे तीन मजले लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

इतकं पातळ दिसतं कसं असं मामांनी विचारलं होतं, चांगला प्रश्न आहे. चकतीवर आधीच काचेचा, म्हणजे सिलिकॉन ऑक्साईडचा, साधारण ३०० नॅनोमीटरचा लेप असतो. पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडलं की रंग दिसतात ना, तोच खेळ. लेपाची जाडी बरोबर धरली तर वर एक थर आला तरी रंगात जरासा फरक पडतो, आणि सवयीच्या डोळ्याला तो कळतो. मला सवय व्हायला दोन महिने लागले, मान आखडायची. आणि डोळ्यावर भरवसा नको असेल तर लेझर टाकून रामन स्पेक्ट्रम काढायचा, म्हणजे परत आलेल्या उजेडाचा रंग किती बदलला त्याचा आलेख. हे रामन म्हणजे आपले सी. व्ही. रामनच, ज्यांच्या २८ फेब्रुवारी १९२८ च्या शोधामुळं शाळेत विज्ञान दिन करतात आणि आपण लिंबात वायर खुपसून बल्ब लावतो तो दिवस. ह्या दगडाच्या स्पेक्ट्रममध्ये दोन खांब दिसतात, त्यांच्यातलं अंतर (cm⁻¹ ह्या एककात) एका थराला १९ च्या आसपास असतं आणि जाड तुकड्याला २५ च्या आसपास, म्हणजे न शिवता थर मोजता येतात.

आता उजेडाकडं येऊ.

सेमीकंडक्टरमध्ये, म्हणजे सिलिकॉनसारख्या पदार्थात, इलेक्ट्रॉनला राहायला दोन जागा, खालचा मजला आणि वरचा माळा, आणि मध्ये काहीच नाही. ह्या मधल्या उंचीला बँड गॅप म्हणतात. खालच्या इलेक्ट्रॉनला उजेडानं किंवा करंटनं माळ्यावर चढवायचं, तो खाली पडला की तेवढ्या उंचीचा उजेड सोडतो. उंची जास्त तर उजेड निळ्याकडं, कमी तर तांबड्याकडं, अजून कमी तर इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना दिसतच नाही. तो भागाकार हा: १२४० ला गॅपनं, म्हणजे इलेक्ट्रॉन व्होल्ट ह्या ऊर्जेच्या एककातल्या आकड्यानं, भागा, उत्तर येतं ते उजेडाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये. बस्स. ग्राफीनचं दुखणं हे की त्याला गॅपच नाही, माळाच नाही तर पडणार कुठनं. म्हणून लोक ह्या आपल्या काळ्या पुडीकडं वळले.

जाड तुकड्यात गॅप १.३ च्या जवळपास, म्हणजे भागाकार केला तर साडेनऊशे नॅनोमीटर, इन्फ्रारेड. आणि तो तुकडा उजेड जवळपास देतच नाही. पण एकच थर सुटा केला तर? २०१० साली कोलंबिया विद्यापीठातल्या आणि बर्कलीतल्या दोन गटांनी वेगवेगळं करून बघितलं आणि दोघांना सारखंच सापडलं, एक थर १.८५ च्या आसपास, म्हणजे ६७० नॅनोमीटरला, तांबडा उजळतो, आणि जाड तुकड्याच्या मानानं त्याची उजेड द्यायची ताकद दहा हजार पटींहून जास्त. माल तोच. गंधक तेच, मॉलिब्डेनम तेच, कशात काही मिसळलं नाही, फक्त शेजारचे थर काढले.

हे का होतं ते मी मामांना नारळ घेऊन सांगितलं. आपल्या जुन्या कौलारू घरातला माळा धरा, पण त्याची जमीन सपाट नाही, ठिकठिकाणी खोलगट आहे. माळ्यावर टाकलेला नारळ घरंगळत घरंगळत सगळ्यात खोल जागी जाऊन बसतो. खाली एक टोपली आहे. खोल जागा बरोबर टोपलीच्या वर असली तर नारळ सरळ पडतो, धप्प, उजेड. पण खोल जागा स्वयंपाकघराच्या वर आणि टोपली पडवीत असली तर? मग नारळाला खाली यायला कोणीतरी बाजूनं ढकलायला पाहिजे, आणि त्या ढकलाढकलीत बहुतेक नारळ उजेड न देताच कुठंतरी जिरतात. हे बाजूनं ढकलणं म्हणजे अणूंची थरथर. सिलिकॉन असाच तिरक्या पडण्याचा, म्हणून सिलिकॉनचे एलईडी नाहीत.

जाड मॉलिब्डेनम डायसल्फाईड पण तिरकंच. सोलल्यावर सरळ का होतं ह्यात ते तीन मजले कामाला येतात. सरळ पडायची जी वाट आहे ती मुख्यतः मधल्या मॉलिब्डेनमच्या मजल्यावर बेतलेली, वर-खाली शेजारी कोण आहे ह्याचा तिला फारसा पत्ताच नाही. तिरकी वाट मात्र बाहेरच्या गंधकाला धरून आहे आणि गंधक शेजारच्या थराच्या गंधकाला कोपर लावून बसलेला. शेजारचा थर गेला की तिरक्या वाटेची उंची वाढत जाते, सरळ वाट होती तिथंच राहते, आणि एकच थर उरला की सरळ वाट सगळ्यात कमी उंचीची ठरते. नारळ आपोआप तिकडं.

इथंपर्यंतचं बरेच लोक सांगतात, आणि बरेच इथंच थांबतात. मला ह्याच्या पुढचं जास्त आवडतं. एक थर म्हणजे काय, तर ज्याला आत असं काही नाहीच. लोखंडाच्या गोळ्याला वरनं गंज चढला तरी आतलं लोखंड बिनघोर असतं. ह्या थराला ती सोय नाही, तो नुसता पृष्ठभागच आहे. म्हणून त्याला सगळं लागतं. खाली काय ठेवलंय, वर काय ठेवलंय, कोण ओढतंय, हवेत ओल किती, सगळं. तुम्हाला त्याचा रंग बदलायचा असेल तर हे सगळे कान पिळायला तुमच्या हातात आहेत. आणि बदलायचा नसेल तरीपण ते पिळले जातातच, ते दुखणं पुढं सांगते.

मिरजेला सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना बघितलंय का कोणी? तार तीच, ताण तोच, पण घोडीवर तारेखाली एक सुताचा दोरा सरकवतात, केसभर इकडं की तिकडं, आणि आवाज एकदम खुलतो. तारेला काही केलंच नाही, तारेच्या शेजाऱ्याला केलं. ह्या थरांचं ट्यूनिंग बरंचसं दोऱ्याचं काम आहे.

पहिला दोरा, आजूबाजूचा पदार्थ. इलेक्ट्रॉन माळ्यावर चढला की खाली त्याची रिकामी जागा राहते, ती धन भारासारखी वागते, आणि दोघं एकमेकांकडं ओढले जाऊन जोडीनं फिरतात. ह्या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. नेहमीच्या जाड सेमीकंडक्टरमध्ये ही जोडी फारच कच्ची, सिलिकॉनमध्ये तिला बांधून ठेवणारी ताकद १५ मिली इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (हजार मिली म्हणजे एक) आसपास, आणि आपल्या खोलीतल्या साध्या उष्णतेचा धक्काच २५ चा, म्हणजे जमली रे जमली की तुटली. एका थरात मात्र ही ताकद काही शे मिली इलेक्ट्रॉन व्होल्ट निघते. का? खडे बाजारात संध्याकाळी गर्दीत कोणाला हाक मारून बघा, दहा पावलांवर विरते. तीच हाक पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या मैदानात मारली तर पार पलीकडं जाते. जाड पदार्थात इलेक्ट्रॉन आणि त्याची जागा ह्यांच्यामध्ये बाकीच्या भारांची गर्दी असते, ओढ त्यात विरते. एका थरात त्यांची ओढ वर-खाली हवेतनं जाते आणि हवेत गर्दी नाही.

मग तुम्ही त्या हवेच्या जागी दुसरं काही आणून ठेवलं, समजा वर ग्राफीनचा थर टाकला, तर? गर्दी वाढली, जोडीची पकड ढिली झाली. इथं एक गंमत आहे जी मला सुरुवातीला अजिबात कळेना. शेजार बदलला की पकड तर कमी होतेच पण माळ्याची मूळ उंची पण कमी होते, आणि उजेडाचा रंग म्हणजे उंची वजा पकड. पगार कापला आणि त्याच महिन्यात घरभाडं पण उतरलं असं ते, हातात उरणारा आकडा थोडकाच हलतो. आत मोठी उलथापालथ, शंभरेक मिली इलेक्ट्रॉन व्होल्टची, आणि बाहेर रंग हलतो तो त्या मानानं अगदी थोडा. म्हणून नुसता रंग बघून काही झालं नाही असं म्हणणारा फसतो.

दुसरा दोरा, ताण. हे मामांना लगेच कळलं, मेटलवाल्या माणसाला स्ट्रेन शिकवायला लागत नाही. थर प्लास्टिकच्या पट्टीवर ठेवायचा आणि पट्टी वाकवायची. १ टक्का ताणलं की मॉलिब्डेनम डायसल्फाईडच्या एका थराचा गॅप ४५ मिली इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास उतरतो, म्हणजे ६७० चा उजेड साधारण ६८७ नॅनोमीटरवर जातो, अजून तांबडा. तबल्याच्या उलट बघा, तबला ताणला की चढतो, हा उतरतो. अणू लांब गेले की उंची कमी. आणि हा थर बारीक दिसला तरी चिवट आहे, तुटायच्या आधी ६ ते ११ टक्के ताण सोसलेला मोजलाय, नेहमीची सिलिकॉनची चकती असली ताणाताण सोसायचं नाव घेत नाही. फक्त ताणत सुटायचं नाही, कारण एक-दोन टक्क्यांच्या पुढं तिरकी वाट परत खाली येते आणि रंग तर हलतो पण उजेड मंदावतो. नारळ परत स्वयंपाकघराच्या वर.

तिसरं, करंटवाल्यांचं आवडतं, व्होल्टेज. थराखाली एक इलेक्ट्रोड ठेवून त्याच्यात जादा इलेक्ट्रॉन भरायचे. मग काय होतं, जोडीला तिसरा येऊन चिकटतो, दोन इलेक्ट्रॉन आणि एक रिकामी जागा, ह्या त्रिकुटाला ट्रायॉन म्हणतात. त्याचा उजेड जोडीच्या उजेडापेक्षा वीस-तीस मिली इलेक्ट्रॉन व्होल्टनं खाली येतो. २०१३ च्या सुमाराला हे मॉलिब्डेनम डायसल्फाईडमध्ये स्वच्छ दिसलं. ह्याचा फायदा म्हणजे बटण आहे, फिरवलं की बदलतं, सोडलं की परत.

मिसळण्याचं मात्र तसं नाही. गंधकाच्या जागी थोडं थोडं सेलेनियम घालत गेलं की गॅप १.८५ पासनं १.५५ पर्यंत सावकाश उतरतो, म्हणजे ६७० पासनं ८०० नॅनोमीटरपर्यंत मधला कुठलाही रंग धरता येतो. मॉलिब्डेनमच्या जागी टंगस्टन घातलं की वेगळे रंग. पण चहात साखर पडली ती पडली, परत काढता येत नाही. ह्याच्यावर जास्त लिहीत नाही, काम उपयोगाचं आहे पण गोष्ट म्हणून त्यात फार काही नाही.

आता माझ्या आवडीचं, पीळ. माझं आजोळ वडगावचं, घरोघरी माग, रात्री खटखट ऐकतच झोपायचो. तिथं लहानपणी एक खेळ होता, दोन झिरझिरीत कापडं एकावर एक ठेवून उजेडाला धरायची आणि एक हळूच फिरवायचं, की त्यात लाटा दिसायला लागतात, मोठमोठ्या, ज्या दोन्हीपैकी एकाही कापडात नाहीत. मच्छरदाणीच्या दोन पदरांत पण दिसतात. घरी करून बघा, जाळीची भोकं १ मिलिमीटर अंतरावर असतील आणि एक पदर १ अंशानं फिरवला तर लाटेचा पट्टा साधारण ५७ मिलिमीटरचा येतो. कोन कमी केला की पट्टा अजून रुंद. ह्याला म्वारे म्हणतात, शब्द मूळचा कापडाच्या धंद्यातलाच आहे.

हाच हिशेब अणूंच्या जाळीला लावायचा. मॉलिब्डेनम डायसेलेनाईडचा एक थर, त्याच्यावर टंगस्टन डायसेलेनाईडचा एक थर, दोघांच्या जाळीचं अंतर जवळपास सारखं, ०.३३ नॅनोमीटर, आणि १ अंशाचा पीळ. ५७ नं गुणा, लाटेची रुंदी १९ नॅनोमीटर. म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जोडीला आता माळ्यावर दर १९ नॅनोमीटरला एक खळगा मिळतो, ओळीनं, अंड्याच्या ट्रेसारखा. ह्या दोन थरांत जोडी पण मजेशीर बनते, इलेक्ट्रॉन एका थरात आणि त्याची रिकामी जागा दुसऱ्या थरात, नवरा बेळगावात बायको कोल्हापुरात नोकरीला तसं. लांब असल्यामुळं त्यांचं भेटणं, म्हणजे उजेड देणं, उशिरा होतं आणि ती जोडी जास्त टिकते. शिवाय एक वर एक खाली असल्यानं उभं व्होल्टेज लावलं की तिचा रंग सरळ खालीवर सरकवता येतो. अशा जोड्या म्वारेच्या खळग्यांत अडकून बसतात ह्याची चिन्हं २०१९ साली तीन-चार गटांनी जवळपास एकदमच दाखवली. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीच्या पाब्लो हारिलो-एरेरो ह्यांच्या गटानं ग्राफीनचे दोन थर १.१ अंशानं पिळून सुपरकंडक्टर, म्हणजे विजेला अजिबात न अडवणारा पदार्थ, करून दाखवलं होतं, त्यामुळं सगळं जगच तेव्हा कोनमापक घेऊन बसलेलं. नुसत्या कोनानं पदार्थाचा स्वभाव बदलतो हे मला अजूनही जरा जादूच वाटतं, फिजिक्स शिकून पण.

दुखण्याचं सांगते म्हटलं होतं.

माझं एक सॅम्पल होतं, एक थर, छान मोठा, म्हणजे वीस मायक्रॉनचा, मिलिमीटरचा पन्नासावा भाग, आमच्यात तेवढं मोठंच. उजेड चांगला द्यायचा. मी हुशारी केली, म्हटलं हवेतली ओल नको, ते जरा गरम करून व्हॅक्यूम चेंबरमध्ये घालूया, स्वच्छ मोजमाप येईल. हवा काढली आणि उजेड मेला. एकदम मंद. मी लेझर तपासला, फायबर तपासली, लेझरनं थरच जाळला की काय म्हणून रडकुंडीला आले, जवळजवळ तीन आठवडे गेले त्यात. शेवटी कंटाळून चेंबर उघडला तर हवा लागताच उजेड परत. नंतर वाचलं की हे माहीत असलेलंच आहे, मॉलिब्डेनम डायसल्फाईडमध्ये जादा इलेक्ट्रॉन आपोआपच असतात, हवेतला ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ थरावर बसून ते ओढून घेतात, त्यामुळं मंद त्रिकुटं कमी आणि उजळ जोड्या जास्त. म्हणजे मी ज्याला घाण समजून काढलं तोच माझा दोरा होता. हवा पण शेजारीच की.

त्यामुळं कोणी मला ह्या थराचा गॅप अमुक आहे असं ठाम सांगितलं की मी आधी विचारते, कशावर ठेवलेला? वर काय होतं? चकती खडबडीत असेल तर एकाच थरात इथं ताण तिथं ढील, एका टोकाला एक रंग दुसऱ्या टोकाला दुसरा. थर ठेवताना खाली हवेचा बुडबुडा राहिला तर तिथं वेगळाच. उपाय म्हणजे हेक्सागोनल बोरॉन नायट्राईड, हा पण थराथराचाच दगड, पण पांढरा आणि अतिशय सपाट. त्याच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये आपला थर घालायचा, मांड्यात साखर घालतात तसा. मग शेजार ठरलेला, हवा बाहेर, आणि उजेडाची रेषा बारीक आणि जागच्या जागी. उघडा ठेवलेला थर तर काही महिन्यांत हवेनं कडेकडेनं खराब व्हायला लागतो.

मंद उजेडावर पण इलाज सापडलेत. थरात जागोजाग गंधकाचे अणू गळालेले असतात, वीण सुटलेल्या साडीसारखे, आणि तिथं नारळ उजेड न देता गडप होतात. असल्या थराला दिलेल्या शंभर प्रकाशकणांतला १ सुद्धा उजेड होऊन बाहेर येत नाही. २०१५ साली बर्कलीतल्या गटानं त्याच्यावर एक जबरदस्त तीव्र ऑरगॅनिक ॲसिड लावलं आणि आकडा ९५ टक्क्यांच्या वर गेला. सगळ्यांना वाटलं ॲसिडनं भोकं बुजवली. २०१९ मध्ये त्याच गटातल्या लोकांनी दाखवलं की नुसत्या व्होल्टेजनं जादा इलेक्ट्रॉन काढून घेतले तरी भोकं तशीच असताना उजेड जवळपास पूर्ण येतो. म्हणजे भोकांपेक्षा ते तिसरं चिकटणारंच जास्त त्रासदायक होतं. माझ्या चेंबरची गोष्ट परत तीच, फक्त त्यांनी ती डोकं वापरून केली.

ह्याचा उपयोग काय, हे मामांनी दोनदा विचारलं. एक नॅनोमीटरपेक्षा पातळ असून हा थर त्याच्या आवडीच्या रंगाचा ५ ते १० टक्के उजेड खातो, इतक्या पातळ वस्तूला हे भलतंच आहे, म्हणून उजेड ओळखणारे सेन्सर. ठिपक्याएवढ्या जागी ताण देऊन एका वेळी एकच प्रकाशकण सोडणारे स्रोत. वाकणारे एलईडी. लॅबमध्ये हे सगळं चालतं, मी बघितलंय. दुकानात काहीही नाही. टेपनं सोललेला तुकडा वीस मायक्रॉनचा, कारखान्याला लागते अख्खी चकती, भट्टीत वाफेतनं मोठे थर वाढवता येतात पण ते सगळीकडं सारखे वागवणं हीच मारामारी आहे, का ते वर आलंच. दर वर्षी कोणीतरी सिलिकॉनचं राज्य संपलं म्हणून मनातले मांडे खातं. माझा अंदाज सेन्सर आधी येतील आणि ते पण छोट्या खास कामांत.

निघताना मामांनी डब्याचं झाकण लावता लावता विचारलं, "ह्यात एखादा सुटा थर असंलच की गं? लेथ रोज घासतोय, एखादा तरी सुटत असंल. मग तो चमकत न्हाई व्हय?"

मी थांबलेच. असेल, असायला काहीच हरकत नाही. पण त्याच्या अंगाला चारी बाजूंनी जाड पुडीची ढेकळं लागलेली, त्याच्यावर चढलेला इलेक्ट्रॉन शेजारच्या ढेकळात उतरून जाणार आणि तिथं परत तिरकी वाट. एखादा वाचला तरी त्याचा तांबडा उजेड काळ्या ग्रीसमधनं बाहेर येणार कुठनं. "शिवाय मामा," मी म्हटलं, "तुमच्या डब्यात बिडाचा चुरा पण आहे, आणि मागच्या वेळी मी एक वॉशर पण बघितला होता."